सांगणारी माणसे आहेत तोवर गिरणी दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरणगावाच्या वारशाविषयी आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून जो मजकूर येतो, तो मी नेमाने वाचते. त्यात चिमणीची उंची असते, दगडी भिंतींचे वय असते, जमिनीचा चौरस फुटाचा भाव तर असतोच; पण त्या भिंतींच्या आत ज्यांनी हयात घालवली, त्यांची बोळवण बहुधा ‘एकेकाळचे कामगार’ एवढ्या शब्दांत झालेली दिसते. गेल्या वर्षी वेल्समधील एका जुन्या कोळसा खाणीत उतरण्याचा योग आला, आणि तिथे जे पाहिले त्यामुळे ही बोळवण मला अधिकच खुपू लागली, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. कापायचेच झाले तर प्रवासवर्णन कापावे, मागणी कापू नये, ही विनंती.

माझे माहेर लालबागचे. वडील तिथल्याच एका गिरणीत बॉयलरवर होते. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचे सरकारी प्रमाणपत्र त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून घेतले होते, आणि आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत देवांच्या तसबिरींनंतरचा मान त्यालाच होता. गिरणीचे सारे कौतुक साचेखात्याच्या, म्हणजे मागांवर कापड विणणाऱ्या खात्याच्या, वाट्याला येई. बॉयलरवरच्या माणसाची आठवण वाफ कमी पडली की मगच होई. रात्रपाळी करून ते घरी आले की त्यांच्या तोंडी कोळशाखेरीज दुसरा विषय नसे. या खेपेचा माल ओला आहे, नुसता धूर होतो. त्या खेपेच्या मालात दगडच जास्त, सळईने जळक्या कोळशाचे खंगर काढता काढता खांदे भरून आले, असे काहीबाही ते जेवता जेवता आईला सांगत. कोळसा येतो कुठून, असे आम्ही विचारले की झरिया, राणीगंज आणि आपल्या चांद्याकडचा (म्हणजे चंद्रपूरचा), अशी तीन नावे ते घेत. खाण मात्र त्यांनी आयुष्यात कधी पाहिली नव्हती. मुलगी नोकरीनिमित्त ब्रिस्टलला असते. तिथून तासाभराच्या अंतरावर खाण पाहायला मिळते असे तिने सांगितले, तेव्हा लंडनचा राजवाडा राहिला तरी चालेल पण हे पाहायचेच, असे मी ठरवले.

ही खाण ब्लायनॅव्हन या डोंगरावरच्या गावाला लागून आहे. तिचे नाव बिग पिट, म्हणजे मोठी खाण. खाणीत उतरण्याच्या उभ्या मार्गाला मी विहीरच म्हणणार, कारण काठावर उभे राहिल्यावर दुसरा शब्द सुचत नाही. ही विहीर साधारण १८६० च्या सुमारास खोदली गेली आणि १८८० मध्ये ती आजच्या सुमारे ९० मीटर खोलीपर्यंत नेण्यात आली. तिचा आकार लांबट गोल, १८ फूट बाय १३ फूट. दोन वाघिणींचे मार्ग शेजारी शेजारी बसतील एवढी रुंद विहीर वेल्समध्ये पूर्वी नव्हती, म्हणून हे नाव पडले. २ फेब्रुवारी १९८० रोजी खाण बंद झाली आणि अडीचशेहून अधिक माणसे एका दिवसात बेकार झाली. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, १९८३ मध्ये, तीच खाण लोकांना पाहण्यासाठी उघडण्यात आली. पुढे २००० मध्ये ब्लायनॅव्हनचा सारा परिसर, म्हणजे लोखंडाच्या जुन्या भट्ट्या, कालवा, आगगाडीचे मार्ग, खाणी आणि कामगारांची घरे यांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला; २००१ मध्ये खाण वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात सामील झाली. या साऱ्या सनांपैकी मला महत्त्वाचे वाटते ते १९८० आणि १९८३ यांमधले तीन वर्षांचे अंतर. त्याकडे मी पुढे येणार आहे.

खाली उतरण्याआधी फोन, मनगटावरचे घड्याळ, जावयाच्या मोटारीची किल्ली, काडेपेटी, लायटर, थोडक्यात ज्यातून ठिणगी उडू शकेल अशी प्रत्येक वस्तू काढून घेतात. हे पर्यटकांना रोमांच वाटावा म्हणून केलेले नाटक नव्हे. कोळशाच्या थरांतून मिथेन वायू आजही झिरपू शकतो, आणि माणसे खाली उतरतात तोवर कायद्याच्या दृष्टीने ती खाणच असते. त्यामुळे चालू खाणीचे सुरक्षा नियम तिथे तसेच पाळावे लागतात. डोक्यावर शिरस्त्राण, त्यावर दिवा, कमरेला पट्टा, पट्ट्याला दिव्याची बॅटरी आणि विषारी वायू पसरल्यास श्वास घेता यावा म्हणून एक डबा. सगळे मिळून चार-पाच किलोंचे ओझे होते. त्या ओझ्यानिशी लोखंडी पाळण्यात दाटीवाटीने उभे राहायचे, घंटा होते, आणि पाळणा खाली जाऊ लागतो. आपल्याकडे दादरला गाडीत चढण्याची सवय असलेल्या माणसाला दाटीचे काही वाटत नाही. पण पायाखालच्या जाळीतून वर येणाऱ्या थंड वाऱ्याने माझ्या पोटात गोळा आला, हे कबूल करते.

खाली आमच्याबरोबर जो वाटाड्या होता, तो पासष्टीच्या पुढचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा गृहस्थ होता आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून खाणीत काम केलेला होता. तिथल्या वाटाड्यांत असे माजी खाणकामगार बरेच असतात. ते पगारी नोकर आहेत, हौसेने येणारे स्वयंसेवक नव्हेत, हे मुद्दाम नमूद करते. छत कुठे खाली येते, कुठे वाकायचे, हे तो आमच्याकडे वळूनही न पाहता सांगत होता. एका ठिकाणी त्याने सगळ्यांना दिवे मालवायला लावले. त्या अंधाराचे वर्णन करण्याची माझी पात्रता नाही. हात डोळ्यांसमोर धरला तरी हात आहे हे नुसते ठाऊक असते, दिसत काहीच नाही. तेवढ्यात तो म्हणाला की अशा अंधारात खाणीतल्या दाराजवळ पूर्वी पाच-सहा वर्षांचे पोर बसवलेले असे. हवा खेळती ठेवण्यासाठी बोगद्यांना लाकडी दारे असत, कोळशाची गाडी आली की दोरी ओढून दार उघडायचे आणि गेली की लावायचे, एवढेच त्याचे काम. मेणबत्ती स्वतःच्या पैशांनी आणावी लागे, म्हणून बहुतेक वेळ पोर अंधारातच बसून राही. १८४२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी झाली. म्हणजे दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला उतरवायला कायद्याची हरकत नव्हती. मी छत्तीस वर्षे महापालिकेच्या शाळेत शिकवले. चौथी-पाचवीच्या वर्गातली तोंडे त्या अंधारात माझ्यापुढे आली.

पुढे घोड्यांचे तबेले लागतात. जमिनीखाली तबेले असतील, ही कल्पनाच मी केली नव्हती. गाड्या ओढणारे घोडे तिथेच राहत, आणि वर्षातून एकदा, कामगारांची उन्हाळ्याची सुट्टी असे तेव्हा, त्यांना उजेडात आणून कुरणात सोडत. प्रत्येक ठाणावर त्या त्या घोड्याच्या नावाची पाटी अजून आहे. पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याची गोष्टही तिथे निघाली. विषारी कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम माणसाच्या आधी त्या पक्ष्यावर होतो, म्हणून तो जवळ बाळगत, आणि ही पद्धत ब्रिटनच्या खाणींत १९८६ पर्यंत चालू होती. माझी समजूत होती की सर हम्फ्री डेव्ही यांनी १८१५ मध्ये जाळीचा दिवा काढला आणि प्रश्न मिटला. पुस्तकातून आम्ही मुलांना तसेच शिकवत आलो. वाटाड्याने सांगितले ते वेगळे होते. दिवा आल्यामुळे ज्या धोक्याच्या भागांत पूर्वी माणूस पाठवत नसत, तिथेही पाठवू लागले. दिव्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९१३ रोजी, त्याच दक्षिण वेल्समधल्या सेंगेनिदच्या खाणीत स्फोट होऊन ४३९ कामगार गेले. ब्रिटनच्या खाणींच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी दुर्घटना होय. हे सांगताना त्याने आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

आपण कुठले, असे त्याने वर येण्याआधी विचारले. मुंबई, असे मी सांगितले, आणि माझे वडील गिरणीच्या बॉयलरमध्ये कोळसा टाकत असत, हे मुलीने पुढे जोडले. आतापर्यंत पाठ झालेले बोलणारा तो माणूस थांबला. पाळी किती तासांची असे, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा, छातीचा त्रास झाला का. तिसरा, पेन्शन होती का. माझ्या इंग्रजीला झेपेल तसे मी उत्तर दिले. इथल्या वाफेच्या कोळशाच्या बोटी तुमच्या बंदरात येत असत, असेही तो म्हणाला, आणि ते खरेच आहे: दक्षिण वेल्सचा कोळसा एकोणिसाव्या शतकात जगभरच्या बंदरांत जाई, त्यात मुंबई होती. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची उभारणी आरंभली तेव्हा मुंबईला देशातला कोळसा आणून देणारी आगगाडी नव्हती. बोरीबंदर ते ठाणे हा रूळच जेमतेम वर्षभरापूर्वीचा होता. रे रोडच्या दारूखाना भागात कोल बंदर हे नाव आजही चालते, त्याच्या मागे हा सगळा इतिहास आहे. पुढे दूरवरून कोळसा आणण्याचा खर्च आणि धूर या दोन्हींना पर्याय म्हणून टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये खोपोलीला सुरू झाले आणि गिरण्या हळूहळू विजेवर गेल्या; तरी कापड रंगवायला, धुवायला आणि खळ द्यायला वाफ लागतेच, म्हणून माझ्या वडिलांची नोकरी टिकली.

आता त्या तीन वर्षांच्या अंतराविषयी. खाण बंद झाली तेव्हा जे हात तिथे काम करत होते, त्यांतलेच काही हात तीन वर्षांनी पाहुण्यांना पाळण्यात चढवत होते. मधला धागा तुटला नाही. म्हणूनच तिथे यंत्रांपेक्षा माणसे ऐकावीशी वाटतात. खाणीच्या तोंडाशी १९३९ मध्ये बांधलेले कामगारांचे स्नानगृह आहे. एका बाजूला स्वच्छ कपड्यांची कपाटे, दुसऱ्या बाजूला कामाच्या कपड्यांची, मध्ये गरम पाण्याचे फवारे. ते बांधले जाईपर्यंत माणूस काळाठिक्कर घरी जाई आणि बायकोने चुलीवर तापवलेल्या पाण्याने टबात अंग धुई. ही साधी खोली पाहून माझी आई आठवली, कारण आमच्या घरात ते काम शेवटपर्यंत तिच्याकडेच होते. संग्रहालय करणाऱ्यांना स्नानगृह जपावेसे वाटले, याचे कारण, मला वाटते, जपण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या आसपास तिथे अंघोळ केलेली माणसे होती.

आपल्या देशात खाणींच्या बाबतीत सांगण्यासारखे कमी नाही. राणीगंज भागात १७७४ मध्ये कोळसा काढायला सुरुवात झाली. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोर यांनी १८३६ मध्ये तिथली खाण विकत घेतली होती. विदर्भात वरोऱ्याला सरकारी खाण होती, ती १९०६ मध्ये बंद झाली आणि काम बल्लारपूरकडे सरकले. आज वरोरा म्हटले की आपल्याला आनंदवन आठवते, खाण आठवत नाही. परळच्या बीआयटी चाळीत अनेक वर्षे राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते, कामगारांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या होत्या, आणि कोळसा खाण कामगार कल्याण निधी १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. ही गोष्ट परळच्या किती मुलांना ठाऊक आहे? नोव्हेंबर १९८९ मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरल्यावर अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीला वरून भोक पाडून, एक माणूस मावेल एवढ्या पोलादी नळकांड्यातून, अडकलेल्या ६५ जणांना एकेक करून वर काढले. नागपूरजवळ सावनेरला वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीने पर्यटकांसाठी खाण दाखवण्याचा उपक्रम केला आहे, तो स्वागतार्हच आहे. परंतु आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. देशाचे उत्पादन वर्षाला शंभर कोटी टनांपलीकडे गेले असले तरी भुयारात उतरून काम करणारी पिढी आटत चालली आहे. चंद्रपूर भागातली बंद पडणारी एखादी भुयारी खाण, तिच्यात राबलेल्या माणसांसह, राखून ठेवता येईल का, याचा विचार शासनाने आताच करावा. खाणीचे पंप एकदा थांबले आणि भुयारे पाण्याने भरली की मग समित्या नेमून उपयोग नसतो.

पण मी राहते मुंबईत, आणि माझी मुख्य तक्रार मुंबईची आहे. जागतिक वारसा यादीत या शहराची तीन नावे आहेत: घारापुरीची लेणी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन व आर्ट डेको इमारती. तिन्हींचा अभिमान आहेच. त्यांत गिरणी नाही, गोदी नाही, चाळ नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचा महापालिकेचा प्रकल्प आहे, त्याच्या बातम्या मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. त्या बातम्यांत कारंजे असते, तळे असते, पडद्यावर उमटणारी रंगीत चित्रे असतात. कारंज्याला माझा विरोध नाही. नातवंडांना ते आवडेल. मला एवढेच विचारायचे आहे की साचा चालवून दाखवणारा माणूस त्या आराखड्यात कुठे आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख गिरणी कामगार कामावरून बाहेर पडले. त्यात पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरीच्या घरात आहे. आमच्या शेजारचे काका असेच एक. वेल्सहून आल्यावर मी त्यांना खाणीचे सांगत होते, तर त्यांनी मला मध्येच थांबवून साचेखात्यातला आवाज किती असे ते सांगायला सुरुवात केली. शेकडो साच्यांच्या खडखडाटात बोलणे ऐकूच येत नसे, म्हणून कामगार ओठांवरून बोलणे ओळखत आणि हातांनी खुणा करत. ‘तार (म्हणजे सूत) तुटली’, ‘जॉबरला (मुकादमाला) बोलाव’, ‘चहा आला’, ‘साहेब येतोय’, अशा प्रत्येक गोष्टीची खूण त्यांनी मला करून दाखवली. त्यांचा डावा कान त्या खात्याने कायमचा नेला आहे. कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे निकामी होतात, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. काकांनी ते नाव कधी ऐकले नव्हते, पण सोमवारी सुट्टीनंतर कामावर गेले की छाती जास्त का भरते, हे त्यांना नेमके ठाऊक होते, आणि वैद्यकाच्या पुस्तकातही या आजाराची तीच ओळख दिलेली असते. या खुणा कुठल्या फलकावर लिहून ठेवता येणार? त्या काकांच्या हातांत आहेत.

म्हणून माझी मागणी अशी की संग्रहालयाची इमारत पुरी होण्याची वाट न पाहता गिरणीत प्रत्यक्ष काम केलेल्या स्त्री-पुरुषांना आतापासून मानधनावर नेमावे आणि आठवड्यातून एखादा दिवस का होईना, त्यांनी शाळांतील मुलांना जागा दाखवावी, यंत्र दाखवावे, बोलावे. स्त्रिया मी मुद्दाम म्हणते, कारण सूत रिळांवर गुंडाळणाऱ्या रीळखात्यातल्या बायकांचे नाव कोणी घेत नाही. जे चालूफिरू शकत नाहीत त्यांचे सांगणे घरी जाऊन ध्वनिमुद्रित करावे. विद्यापीठाच्या मराठी आणि इतिहास विभागांतील विद्यार्थ्यांना हे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येईल. एखादा तरी साचा चालू स्थितीत ठेवावा, त्याला तेल घालायला आणि तुटलेली तार जोडायला जाणता माणूस नेमावा. आणि जे बोलायचे ते कोणी सोवळे करून देऊ नये. वेल्सच्या वाटाड्याने आम्हाला दारावरच्या पोराचे सांगितले, स्फोटाचे सांगितले, १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपात गाव कसे फाटले आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले तेही सांगितले. सरकारी पगार घेणारा माणूस हे उघडपणे सांगत होता आणि त्यात कोणाला वावगे वाटत नव्हते. आपल्याकडच्या संग्रहालयात संपाची भिंत असेल का, त्यावर कोणत्या बाजूचे म्हणणे असेल, हे ठरवताना निदान संपात असलेली माणसे खोलीत बसलेली असावीत.

कोळसा हा काही मिरवण्याचा जिन्नस नाही, हे मी जाणते. ब्रिटनने कोळशावर वीज करणारे शेवटचे केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केले, ते योग्यच झाले, आणि लालबागच्या धुराची मला किंचितही हौस नाही. आईने वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसली की चाळीत किती भांडणे होत, ते मी पाहिले आहे. आज एका मॉलच्या आवारात जुनी चिमणी तेवढी उभी ठेवलेली आहे, खाली कॉफीचे दुकान आहे. मध्यंतरी नातवाला घेऊन गेले होते. चिमणी कशासाठी होती, असे त्याने तिथल्या तरुण सुरक्षारक्षकाला विचारले. तो अदबीने म्हणाला, ‘डेकोरेशन आहे, बाळा.’ त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नसेल.

वडिलांचे बॉयलर अटेंडंटचे प्रमाणपत्र, त्यांचा गिरणीचा पास, भट्टीत डोकावताना ते डोळ्यांपुढे धरत ती निळी काच आणि हिशेबाच्या दोन वह्या माझ्याजवळ आहेत. ती काच मी इतकी वर्षे का जपली ते मलाही सांगता येणार नाही. या वस्तू संग्रहासाठी देण्याची माझी तयारी आहे, आणि शेजारचे काका आठवड्यातून दोन दिवस यायला तयार आहेत. फक्त गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत, त्यामुळे त्यांना तळमजला द्यावा लागेल. दोन कचेऱ्यांत जाऊन आले. एकीत अर्ज घेतला नाही, दुसरीत घेतला पण पोच दिली नाही. कोणाकडे जायचे, एवढे आपल्या वाचकांपैकी किंवा अधिकाऱ्यांपैकी कोणी याच स्तंभातून कळवले, तर काकांना घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे हजर होईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
परळ, मुंबई